प्लीहेच्या दुखापतीनंतर पोटातल्या शिरेत गुठळी: सोनोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लीहेला मार लागलेल्या रुग्णांची सोनोग्राफी करताना नातेवाइकांचं एक वाक्य हमखास कानावर येतं: "डॉक्टर, अपघाताच्या रात्रीच सोनोग्राफी झाली होती, त्यात शिरांना काही नव्हतं." खरं तर त्या रात्री शिरा कोणी पाहिलेल्याच नसतात. बरेचसे गोंधळ तिथूनच सुरू होतात, म्हणून पहिला प्रश्नही तोच घेतो.

अपघाताच्या दिवशी सोनोग्राफी झाली. मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा कशाला?

कारण दोन्ही वेळा मशीन तेच असलं तरी शोध वेगळा असतो. अपघात विभागात होते ती 'फास्ट' नावाची झटपट तपासणी. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली खाच, प्लीहेच्या भोवतालची जागा, मूत्राशयामागचा कोपरा आणि हृदयाभोवतीचं आवरण या चार ठिकाणी रक्त साचलंय का, एवढंच त्यात बघतात. काम दोन-चार मिनिटांचं. माणसाला तातडीने ऑपरेशनला न्यायचं की नाही, हे ठरवायला ती केलेली असते. रक्त पोटात सांडलेलं नसेल तर प्लीहेची चीरसुद्धा तिच्यात निसटू शकते.

शिवाय त्या रात्री गुठळी सहसा झालेलीच नसते. ती पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत तयार होते. म्हणून पहिल्या रात्रीचा 'नॉर्मल' हा शब्द दहाव्या दिवसाच्या पोटदुखीला लावू नका. दुसऱ्या वेळी चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' असं न येता 'पोर्टल आणि स्प्लेनिक व्हेनचा डॉपलर' (म्हणजे पोटातल्या या दोन शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) असं स्पष्ट लिहून आलं, तर तपासणारा त्याच तयारीने बसतो.

गुठळी नेमकी कोणत्या शिरेत होते?

प्लीहा, म्हणजे आपल्या बोलीतली पाणथरी, डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण १५० ग्रॅम. तिच्यातून निघालेलं रक्त स्प्लेनिक व्हेन या शिरेतून स्वादुपिंडाच्या पाठीमागून उजवीकडे जातं. स्वादुपिंडाच्या मानेमागे या शिरेला आतड्यांकडून येणारी मोठी शीर, म्हणजे सुपीरिअर मेसेंटरिक व्हेन, येऊन मिळते. दोघींच्या संगमातून पोर्टल व्हेन तयार होते आणि थेट यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एका शिरेतून येतं.

नदीच्या एका फाट्यात गाळ साचला की तो खाली संगमापर्यंत सरकतो, तसंच इथे होतं. गुठळी प्लीहेच्या शिरेत सुरू होऊन पोर्टल व्हेनमध्ये येऊ शकते, तिथून यकृतातल्या फांद्यांत जाऊ शकते किंवा उलट्या दिशेला आतड्यांच्या शिरेत उतरू शकते. सर्वांत जास्त धास्ती या शेवटच्या वाटेची असते, कारण आतड्यांतून रक्त बाहेर पडायला जागा उरली नाही की आतडं सुजतं आणि वेळेत उपाय झाला नाही तर काळं पडतं.

एवढा रक्तस्राव झालेल्या माणसाच्या रक्तात गुठळी? हे उलटंच नाही का?

वाटतं तसं, पण शरीराचा हिशोब वेगळा असतो. रक्तस्राव झाला की शरीर गोठण्याची यंत्रणा जोरात चालू करतं, आणि जखम बंद झाली म्हणून ती लगेच थांबत नाही. १९व्या शतकातले जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्चो यांच्या नावाने गुठळीची तीन कारणं आजही शिकवली जातात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. प्लीहेच्या दुखापतीत, विशेषतः प्लीहा काढावी लागली तर, तिन्ही एकाच वेळी हजर असतात.

प्लीहा काढताना तिची शीर बांधून कापतात. मागे जो तुकडा उरतो तो बंद गल्लीसारखा असतो. रक्त आत जातं, पण ते पुढे ढकलणारी प्लीहाच नसते. तिथे रक्त रेंगाळतं. बांधलेल्या टोकाशी अस्तर दुखावलेलं असतंच. त्यात भर प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांची. शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट एरवी प्लीहेत मुक्कामाला असतात आणि जुन्या झालेल्या तिथेच गाळल्या जातात. ती सोयच गेल्यामुळे रक्तातली संख्या चढत जाते. एरवी दीड ते साडेचार लाख असणारा आकडा एक ते तीन आठवड्यांत दुप्पट होतो, काहींचा १० लाखांच्या वर जातो. मात्र आकडा मोठा दिसला म्हणजे गुठळी होणारच, असं नाही. १२ लाख प्लेटलेट असूनही शिरा स्वच्छ असलेले रुग्ण दिसतात आणि ५ लाखांवर गुठळी सापडलेलेही.

आमच्या रुग्णाची प्लीहा काढलेली नाही. तरी धोका आहे का?

आहे, पण कमी. रक्तदाब स्थिर असेल तर हल्ली प्लीहा न काढता रुग्णाला निगराणीखाली ठेवतात, आणि बहुतेकांची प्लीहा अशीच वाचते. कधी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून प्लीहेच्या धमनीत अडथळा ठेवतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. धमनीतून येणारा लोंढा कमी झाला की शिरेतून बाहेर पडणारं रक्तही संथ होतं. शिवाय शेजारी साकळलेल्या रक्ताचा दाब, अंथरुणावरचे दिवस आणि जोडीला स्वादुपिंडाला मार असेल तर तिथली सूज, हे सगळं असतंच.

जास्त जपायला हवं असे रुग्ण कोणते?

प्लीहा आधीपासूनच मोठी असलेले, रक्ताचे किंवा अस्थिमज्जेचे आजार असलेले, सिरोसिस असलेले, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेले, घरात तसा इतिहास असलेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या. या शेवटच्या दोन गोष्टी गर्दीत विचारायच्या राहून जातात, त्यामुळे तुम्ही आपणहून सांगा.

लक्षणं काय असतात?

अवघड प्रश्न आहे, कारण अनेकांना काहीच होत नाही आणि ज्यांना होतं त्यांचं दुखणं टाक्यांच्या नावावर खपून जातं. वरच्या पोटात बोथट दुखणं, जेवण न जाणं, मळमळ, बारीक ताप, कधी जुलाब. यातलं प्रत्येक लक्षण ऑपरेशननंतर एरवीही होऊ शकतं.

एक तपासणी अजून डोळ्यासमोर आहे. तरुण मुलगा, सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसलेलं, प्लीहा काढून नववा दिवस. टाके सुकलेले, घरी जायची पिशवी भरलेली. तक्रार एवढीच की दोन घास खाल्ले की वर पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतं. उजव्या बरगड्यांमधून प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवला तर पोर्टल व्हेन नेहमीपेक्षा फुगीर दिसली, आणि जिथे काळाभोर पोकळ पट्टा दिसायला हवा तिथे राखाडी ठिपक्यांचा भरीव लगदा. वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉपलर चालू केला. शेजारची यकृताची धमनी लगेच चमकली, शीर मात्र राखाडीच राहिली. वेग मोजण्याची पट्टी खाली आणली, कोन बदलला, तेव्हा कडेने एक बारीक निळी रेघ उमटली. म्हणजे शीर पूर्ण बंद नव्हती, एका कडेने रक्त वाट काढत होतं. त्या दिवशी तो घरी गेला नाही, आणि ते बरंच झालं. टाके दुखतात म्हणून दुर्लक्ष झालं असतं तर ती रेघही राहिली नसती.

ही लक्षणं मात्र थांबून बघायची नाहीत: पोट हाताला फारसं कडक न लागताही असह्य दुखणं, पोट फुगत जाणं, शौचातून किंवा उलटीतून रक्त, चक्कर, छातीचे ठोके वाढणं. अशा वेळी सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

डॉपलर कधी करायचा? ठरलेला दिवस आहे का?

सगळ्या रुग्णालयांत पाळला जाणारा असा एक दिवस ठरलेला नाही. काही शल्यचिकित्सक प्लीहा काढलेल्या प्रत्येकाचा घरी पाठवण्याआधी, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, एकदा डॉपलर करून घेतात. काही फक्त जास्त धोका असलेल्यांचा करतात, काही लक्षण दिसल्यावरच. माझं मत विचाराल तर प्लीहा काढलेल्या आणि वरच्या यादीत बसणाऱ्या माणसाची शीर एकदा तरी बघावी, आणि घरी गेल्यावर महिन्याभरात नवं पोटदुखणं सुरू झालं तर पुन्हा बघावी. आधीचा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून नंतर गुठळी होत नाही, असं नाही. पोटातल्या या गुठळ्या बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच सापडतात.

तपासणीच्या खोलीत काय होतं? तयारी काय करायची?

शक्य असेल तर सहा तास उपाशी. तातडी असेल तर उपाशी नसलात तरी चालतं, तपासणी त्यासाठी अडवून ठेवायची नाही. पोट रिकामं असलं की आतड्यांतला वायू कमी असतो, आणि वायू हा सोनोग्राफीचा खरा वैरी. ध्वनिलहरी हवेत शिरत नाहीत, परत फिरतात, आणि पडद्यावर मागचं सगळं धुरकट होतं. दुसरं कारण असं की जेवल्यावर पोर्टल व्हेनचा प्रवाह वाढतो, त्यामुळे आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघायचा तर दोन्ही वेळा उपाशीपोटीच तपासलेलं बरं. नेहमीच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायला सहसा हरकत नसते. मधुमेहाच्या औषधांचं मात्र आधी विचारून घ्या.

आत गेल्यावर पाठीवर झोपवतात, पोटावर गार जेल. वापरायचा प्रोब बाकदार तोंडाचा, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. पोर्टल व्हेन बघायला उजव्या बरगड्यांच्या फटीतून यकृताची खिडकी वापरतात. यकृत भरीव असल्यामुळे लहरी त्यातून छान जातात. मग प्रोब वरच्या पोटाच्या मध्यावर आडवा धरून स्वादुपिंडामागची स्प्लेनिक व्हेन शोधायची. इथेच जठरातला वायू आडवा येतो. अशा वेळी थोडं कुशीवर वळवतात, दीर्घ श्वास घेऊन धरायला लावतात, कधी ग्लासभर पाणी पाजून जठराचीच खिडकी करतात. पाणी देण्याआधी तुमच्या सर्जनने तोंडाने घ्यायला परवानगी दिली आहे ना, हे आम्ही विचारतो. विचारायला विसरलो तर तुम्ही आठवण करा.

शेवटी डावी बाजू. प्लीहा असेल तर डाव्या बरगड्यांमधून तिच्या देठाशी असलेली शीर चांगली दिसते. प्लीहा काढलेली असेल तर ती खिडकीच गेलेली असते, आणि त्या रिकाम्या जागेत आतडं येऊन बसलेलं असतं. म्हणजे गुठळीचा धोका जिथे जास्त तिथेच बघणं कठीण. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं धरा. चिकटपट्ट्या, नळ्या आणि ड्रेसिंग असतील तर थोडं जास्त.

पडद्यावर लाल आणि निळं दिसतं ते काय? लाल म्हणजे धमनी ना?

नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. रंग दिशा सांगतो. नेहमीच्या मांडणीत प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दिसतं. एकच शीर वळण घेते तिथे अर्धी लाल, अर्धी निळी दिसू शकते.

यामागचं तत्त्व ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगाबद्दल बोलताना. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते. इथे ती हलती वस्तू म्हणजे तांबड्या पेशी. गाडी जवळ येताना हॉर्न चढा आणि पुढे गेल्यावर उतरता ऐकू येतो, तोच प्रकार.

डॉपलर इथे इतका महत्त्वाचा का, तेही सांगतो. पायातल्या शिरेत गुठळी शोधताना आम्ही प्रोबने शीर दाबून बघतो. निरोगी शीर चपटी होते, गुठळीची होत नाही, निकाल तिथेच लागतो. पोटात खोलवर असलेली शीर अशी दाबता येत नाही. आणि अगदी ताजी गुठळी साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात रक्तासारखीच काळी दिसू शकते. म्हणून शिरेत रंग भरतो की नाही, यावरच भिस्त असते.

मग ही तपासणी चुकते का?

चुकते, आणि दोन्ही बाजूंनी.

गुठळी नसताना गुठळी वाटते त्याची कारणं बहुतेक मांडणीची. पोर्टल व्हेनचा प्रवाह मुळात संथ, सेकंदाला साधारण २० सेंमीच्या आसपास. प्लीहा काढल्यावर तिच्याकडून येणारा वाटा बंद झाल्याने तो आणखी मंदावतो. मशीनची वेगाची पट्टी धमनीसाठी लावलेली राहिली तर इतकं हळू वाहणारं रक्त तिला दिसतच नाही आणि शीर रिकामी वाटते. तसंच लहर प्रवाहाला काटकोनात गेली तर मशीनला हालचाल शून्य भासते. म्हणून 'रंग नाही' असं लिहिण्याआधी पट्टी खाली आणणं, फिल्टर कमी करणं, दुसऱ्या कोनातून बघणं आणि पॉवर डॉपलर लावणं एवढं झालेलंच असावं. पॉवर डॉपलर दिशा सांगत नाही, पण मंद प्रवाह पकडण्यात सरस असतो.

उलट चूक जास्त महागात पडते. रंगाची तीव्रता फार वाढवली की तो शिरेच्या भिंतीबाहेर सांडतो आणि कडेला चिकटलेली अर्धवट गुठळी त्याखाली झाकली जाते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी म्हणतो, रंग बघून खूश होऊ नका, रंग बंद करून पुन्हा बघा.

आणि तिसरी गोष्ट, जी खरं तर चूक नव्हे, मर्यादा आहे. स्वादुपिंडामागचा भाग वायूमुळे दिसलाच नाही. हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, पण वाचणारा ते वगळून शेवटची ओळ तेवढी वाचतो.

सोनोग्राफीपेक्षा सीटी स्कॅन थेट केला तर?

काही वेळा तेच योग्य. शिरेतून रंगद्रव्य देऊन, ते शिरांपर्यंत पोचेल अशा वेळी, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण ६० ते ७० सेकंदांनी घेतलेला सीटी संपूर्ण शिरांचं जाळं दाखवतो, आतड्याची अवस्थाही दाखवतो, आणि वायूला जुमानत नाही. पोटदुखी तीव्र असेल, आतड्याला धोका वाटत असेल किंवा डॉपलरमध्ये अर्धा भाग दिसला नसेल तर सीटीच करावा. तिथे सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

सोनोग्राफीची बाजू वेगळी आहे. किरणोत्सर्ग नाही, मूत्रपिंडांवर भार नाही, मशीन खाटेपाशी नेता येतं आणि आज, परवा, पुढच्या आठवड्यात असं कितीही वेळा बघता येतं. पोर्टल व्हेनच्या मुख्य खोडापुरती ती भरवशाची, आतड्यांच्या शिरेच्या खालच्या भागासाठी कमी. त्यामुळे शोधायला सोनोग्राफी, शंका राहिली तर सीटी, आणि उपचार चालू असताना पाठपुराव्याला पुन्हा सोनोग्राफी, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो.

मधला एक मार्गही आहे. सूक्ष्म बुडबुड्यांचं द्रव्य शिरेतून देऊन सोनोग्राफी करतात. बुडबुडे तांबड्या पेशींएवढे किंवा त्याहून लहान, आतला वायू श्वासावाटे निघून जातो. वाहती शीर उजळते, गुठळी काळी राहते. सोय सगळीकडे नसते.

ताज्या जखमेवर प्रोब दाबल्याने प्लीहा पुन्हा फाटेल का?

बेताने, अनुभवी हाताने केलेल्या तपासणीत ही भीती बाळगायचं कारण नाही. डाव्या बाजूला आम्ही बरगड्यांच्या फटीतून बघतो, म्हणजे प्रोब बरगडीवर टेकतो, प्लीहेवर नाही. दुखलं तर लगेच सांगा. सहन करण्यात काही शौर्य नाही, आणि पोट आवळून धरलंत की आम्हालाही दिसत नाही.

रक्ताच्या तपासणीत गुठळी कळत नाही का? डी-डायमर?

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा घटक. अपघात किंवा ऑपरेशननंतर तो जवळपास सगळ्यांचाच वाढलेला असतो. वाढला म्हणून गुठळी आहे, असं त्यावरून इथे ठरवता येत नाही.

रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ सांगा.

'हेपॅटोपेटल फ्लो' म्हणजे रक्त यकृताच्या दिशेने, म्हणजे बरोबर दिशेने जातंय. 'हेपॅटोफ्यूगल' म्हणजे उलट्या दिशेने, यकृतापासून दूर. 'इकोजेनिक थ्रॉम्बस' म्हणजे चित्रात उजळ दिसणारी गुठळी. 'पार्शल' म्हणजे कडेने वाट शिल्लक आहे, 'कम्प्लीट' म्हणजे नाही. 'फेजिक फ्लो' म्हणजे श्वासाबरोबर प्रवाह हलका खालीवर होतोय, हे चांगलं लक्षण. पोर्टल व्हेनची जाडी संथ श्वासात साधारण १३ मिमीपर्यंत ठीक मानतात, मात्र जाडी वाढली म्हणजे गुठळीच असं नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द: 'नॉट व्हिज्युअलाइज्ड'. याचा अर्थ 'दिसली नाही'. 'गुठळी दिसली नाही' आणि 'शीरच दिसली नाही' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रिपोर्टमध्ये पोर्टल, स्प्लेनिक आणि सुपीरिअर मेसेंटरिक या तिन्हींची नावं वेगवेगळी आली आहेत का ते बघा. एखादी गायब असेल तर सरळ विचारा: ती बघितली का, आणि बघितली तर कुठपर्यंत दिसली? या प्रश्नाचा राग कोणत्याही चांगल्या डॉक्टरला येत नाही.

गुठळी सापडली. आता रक्त पातळ करायचं म्हणतात. पण परवाच तर रक्तस्राव झाला होता!

नातेवाइकांचा जीव इथे टांगणीला लागतो, आणि ते साहजिक आहे. हा निर्णय एकट्या सोनोग्राफीवरून होत नाही. सर्जन, फिजिशियन, कधी रक्तविकारतज्ज्ञ मिळून बघतात: रक्तस्राव थांबून किती दिवस झाले, हिमोग्लोबिन स्थिर आहे का, प्लीहा काढली आहे की जखमेसह आत आहे, डोक्याला मार होता का, गुठळी किती पसरली आहे.

प्लीहा काढलेली असेल तर फाटून वाहणारी जागाच उरलेली नसते, त्यामुळे रक्त पातळ करणं तुलनेने सोपं. प्लीहा आत असेल तर तोल सांभाळावा लागतो. सुरुवात बहुधा हिपॅरिनच्या प्रकारातल्या इंजेक्शनने होते, काही ठिकाणी आधी रुग्णालयातच हळूहळू देऊन बघतात, कारण गरज पडली तर ते लवकर थांबवता येतं. पुढे गोळ्या. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ च्या दरम्यान राखतात, नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. मुदत बहुधा तीन ते सहा महिने, गोठण्याचा कायमचा दोष निघाला तर जास्त. लवकर सुरू केलेल्या उपचारात शीर पुन्हा मोकळी होण्याची शक्यता चांगली असते.

गोळ्या मनाने बंद करू नका, आणि त्यांच्यासोबत अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

लहान मुलांमध्ये काही वेगळं?

मुलांची प्लीहा वाचवण्याकडेच कल असतो आणि ती बहुतेकदा वाचतेही. पोट पातळ असल्याने जास्त वारंवारतेचा प्रोब वापरता येतो, चित्र मोठ्यांपेक्षा स्वच्छ येतं. किरणोत्सर्ग नसल्याने त्यांच्यात सोनोग्राफीलाच पहिली पसंती. अडचण एकच, श्वास धरा म्हटलं की ती हसतात किंवा रडतात. आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवून काम भागतं.

प्लीहा काढल्यानंतर ताप आला तर तो गुठळीचाच का?

असा अंदाज घरी बांधू नका. गुठळीमुळे बारीक ताप येऊ शकतो, पण प्लीहा नसलेल्या माणसात काही जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. थंडी वाजून ताप आला तर आधी संसर्गाचा विचार होतो, प्रतिजैविकं लगेच सुरू करतात, डॉपलर त्यानंतर. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी तातडीच्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी देतात. त्या राहिल्या असतील तर तुमच्या डॉक्टरांना आठवण करा.

शीर कायमची बंद राहिली तर?

शरीर आडवाटा काढतं. बंद पोर्टल व्हेनच्या भोवती बारीक वळणदार शिरांचं जाळं तयार होतं आणि डॉपलरमध्ये ते रंगीबेरंगी गुंत्यासारखं दिसतं, त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. रक्त यकृतात पोचतं, पण मागे दाब वाढलेला राहतो. त्यातून अन्ननलिकेत किंवा जठरात शिरा फुगू शकतात आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. प्लीहा शाबूत आणि फक्त तिचीच शीर बंद असेल तर हा ताण प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागातल्या शिरांवर येतो. अशांना एंडोस्कोपी करून बघायला सांगतात.

पुढच्या तपासणीला काय घेऊन यायचं?

जुना रिपोर्ट तर आणाच, पण जमल्यास चित्रांची सीडी किंवा मूळ फिल्मही आणा. 'गुठळी कमी झाली' हे वाक्य नुसत्या आठवणीवर लिहिता येत नाही. मागच्या वेळी ती कुठून कुठपर्यंत होती, शिरेचा किती भाग तिने व्यापला होता, कडेची रेघ किती रुंद होती, हे चित्र शेजारी ठेवूनच ताडता येतं. ऑपरेशनचा कागद, चालू औषधांची नावं आणि शेवटचा प्लेटलेटचा आकडाही सोबत असू द्या. आणि शक्य असेल तर तपासणी त्याच ठिकाणी, त्याच हाताकडून करून घ्या. पोटाच्या डॉपलरमध्ये मशीनइतकाच हातही मोजला जातो.